ओघळीची सहा गुंठे झाडी : ठेवू की ऊस लावू?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न घरगुती आहे. पण इथं शेतीवाले आणि पाखरंवाले दोन्ही जमात आहे, म्हणून विचारतोय.

करवीर तालुक्यात आमची वडिलोपार्जित सव्वादोन एकर. दादा कसतो, मी पुण्यात नोकरीला. शेताच्या खालच्या अंगाला ओघळ आहे. तिच्या दोन्ही कडा मिळून सहाएक गुंठे आजोबांच्या काळापासून पड आहेत. एक जुनं उंबर, तीन-चार करंज, एक जांभूळ, कळकाचं बेट आणि खाली घाणेरी-रानमोडीची गच्च. दादाचं म्हणणं, यंदा तोड संपली की जेसीबी बोलवायचा, ओघळीत पाईप टाकायचे, वरून सपाट करून शहाऐंशी-बत्तीस जातीचा ऊस लावायचा. माझं म्हणणं, राहू दे. दिवाळीत गेलो तेव्हा उंबरावर राखी धनेशाची जोडी बघितली.

हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "धनेश लाईटबिल भरतोय काय?"

मला उत्तर सुचलं नाही. जैवविविधता वगैरे शब्द त्याच्यापुढं चालत नाहीत. त्याला पटेल असं काही असेल तर सांगा.

तांबडा_पांढरा
भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

उसाचं_टिपरू
आधी हिशोब मांडू. गुंठ्याला सव्वा टन धरला तर सहा गुंठ्याला साडेसात टन. तीन हजारांच्या वर दर आहे, म्हणजे तेवीस-चोवीस हजार. त्यातनं खत, पाणी, मशागत, बेणं वजा जाता हातात बारा-तेरा. जेसीबी आणि पाईप पहिल्याच वर्षी ते खातंय. दुसऱ्या वर्षापासनं मात्र दरसाल पैसे सुटणार. दादा चुकीचं बोलंना झालाय असं मला वाटत नाही. पुण्यात बसून धनेश बघायला आम्हालाबी आवडंल.

चिवचिव_१९
धागाकर्ते, तुम्ही त्या ओघळीत शेवटचं कधी उतरला होता?

भोगावतीकाठ
@चिवचिव_१९ दिवाळीत. म्हणजे उतरलो नाही, बांधावरून बघितलं. का?

चिवचिव_१९
सहज.

मास्तर_निवृत्त
टिपरू, हिशोब बरोबर, पण अर्धा. २००२ च्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा ही कीड आली तेव्हा तुम्ही बहुधा शाळेत असाल. मी तेव्हा शाळा सुटल्यावर शेतात जायचो. पान उलटं केलं की खालून कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर. मावा गोड चिकटा सोडायचा, तो खालच्या पानांवर पडायचा आणि त्यावर काळी बुरशी चढायची. फडातून चालत गेलं की सदरा पांढरा नि चिकट, हात काळे. सांगलीकडून आला आणि बघता बघता कर्नाटकापर्यंत पसरला.

फवारणी करून बघितली. दहा फुटी उसात पाठीवर पंप घेऊन शिरायचं कसं? वरून मारलं तर औषध पानाच्या खाली पोचत नव्हतं, आणि जे पोचत होतं ते माव्याआधी त्याला खाणाऱ्यांना मारत होतं. शेवटी आवरला कुणी? डिफा नावाच्या पतंगाच्या अळीनं, मायक्रोमस नावाच्या कीटकानं, पुढं एनकार्शिया नावाच्या नखाएवढ्याही नसलेल्या गांधीलमाशीच्या जातीनं. लोक डिफाच्या अळ्या असलेली पानं कापून या फडातून त्या फडात नेऊन टाचत होते. आमच्या गल्लीत लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तशी पानं वाटली.

ही फौज कुठल्या दुकानातून आली नव्हती. निसर्गातच शिल्लक होती, म्हणून मिळाली.

उसाचं_टिपरू
मास्तर, मान ठेवून विचारतो. ही डिफा मावा खाऊन जगते ना? मग ती उसात राहणार. यांच्या ओघळीतल्या करंजावर काय करायला बसली असेल?

मास्तर_निवृत्त
रास्त शंका. डिफाचं श्रेय ओघळीला देता येणार नाही, तिथं मी जरा हात सैल सोडला. पण क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाच्या प्रौढांना आणि बारीक परोपजीवी माश्यांना फुलातला मध लागतो. शंभर एकर सलग उसात फूल कुठंय? उसाला तुरा आला तरी त्यात मध नसतो. बांधावरचा गाजरगवताचा फुलोरासुद्धा तणनाशकानं जाळतो. त्यांना दुपारचं जेवायला हॉटेल नको?

आणि एक. तुमचा शहाऐंशी-बत्तीस ज्या घराण्यातला, त्या कोइमतूरच्या केंद्रात १९१२ पासून ऊस सुधारायचं काम सुरू झालं. तिथं त्यांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या काशाच्या गवताशी केला. तेच पांढऱ्या तुऱ्याचं, गुरंही नीट खात नाहीत ते. त्यातून १९१८ मध्ये को-२०५ आला. उसाला काटकपणा त्या गवतानं दिला. आज कुणी विचारलं असतं की हे गवत लाईटबिल भरतं काय, तर उत्तर हो आहे. शंभर वर्षं भरतंय.

तांबडा_पांढरा
मास्तरांनी भडंगात लिंबू पिळलं.

रानवाट
मी वनस्पतीशास्त्रवाली, त्यामुळे थोडं वाकडं बोलते. धागाकर्ते ज्याला सरसकट झाडी म्हणतात त्यातली घाणेरी आणि रानमोडी दोन्ही अमेरिकेतून आलेल्या. त्या वाढल्या की खाली काही उगवू देत नाहीत. त्या काढल्या तर मला वाईट वाटणार नाही, उलट कोयता घेऊन मीच येईन. पण उंबराला हात लावू नका. वर्षातनं कितीतरी वेळा फळतं, ऐन कडक उन्हाळ्यात रानात दुसरं काही नसतं तेव्हाही. आणि त्याचं परागीकरण एकच जातीची चिमुकली गांधीलमाशी करते, फळाच्या आत शिरून. ती गेली तर उंबराला बी नाही, उंबर गेलं तर तिला घर नाही.

उंबर तोडून "भरपाई" म्हणून गुलमोहर लावणार असाल तर आधीच सांगते, गुलमोहर मादागास्करचा. त्यावर आपल्याकडच्या फारशा कुणाचं पोट भरत नाही. दरवर्षी जूनमध्ये फोटोसाठी जी रोपं लावतात ती बघून माझा जीव खालीवर होतो. मसाई पठारावर सुद्धा एका उत्साही मंडळाला झाडं लावायची होती! अहो, तो कातळ आहे. सड्यावरची सीतेची आसवं, गेंद, सोनकी यांना उघडं आभाळच लागतं. तिथं झाड लावणं म्हणजे घर पाडणं. प्रत्येक मोकळी जागा "ओसाड" नसते.

शाहूवाडीचा_गडी
लई ज्ञान झालं. आता आमच्याकडचं ऐका. जैवविविधता आमच्या परड्यात येऊन उभी असती. गवा. एकटा नव्हं, आठ-दहाचा कळप. रात्रीत अर्धा एकर मका झोपवला. रानडुकरं भुईमूग उकरत्यात, मोर मिरचीची रोपं टोचतोय, माकडं काय सोडत न्हाईत. आजरा-चंदगडची मंडळी विचारा, वीस-एक वर्षं झाली हत्ती कर्नाटकातनं यायला लागून. राखायला माळ्यावर रात्र काढून बघा एकदा थंडीत, मग धनेश म्हणा.

कोथरूडकर_मूळचा_करवीर
पण गवा मुळात त्याच्याच जागेत आहे ना. आपणच त्याच्या जंगलात घुसलो.

शाहूवाडीचा_गडी
@कोथरूडकर_मूळचा_करवीर २०२० च्या डिसेंबरात तुमच्या कोथरूडात एक गवा आला होता. सगळं शहर त्याच्या मागं पळालं, मोबाईल घेऊन. संध्याकाळपर्यंत तो मेला. आमच्याकडं आठ-दहा येत्यात, आम्ही शिव्या देतो, डबा वाजवतो आणि ते परत जात्यात. कोण कुणाच्या जंगलात घुसलं ते तुम्हीच ठरवा.

तांबडा_पांढरा
भडंग संपलं. मिसळ मागवलीय.

कोथरूडकर_मूळचा_करवीर
ठीक आहे, लागलं. पण राधानगरीचं अभयारण्य नसतं तर एवढे गवे तरी उरले असते का? दाजीपूरला १९५८ मध्ये अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाट आला त्यात राधानगरी आहे. अभिमान वाटायला हवा, एवढंच म्हणणं.

शाहूवाडीचा_गडी
अभिमान हाय की. आमच्या आज्ज्यानं दाजीपूरला गवा दाखवाय न्हेलतं. पण अभिमान सगळ्या जिल्ह्यानं घ्यायचा आणि मका एकट्यानं घालवायचा, हे गणित बसंना झालंय.

मरळ
धागा डोंगरावर चढलाय, मी जरा पाण्यात आणतो. कुणी ओघळीतल्या पाईपबद्दल बोललंच नाही.

धागाकर्ते, तुमची ओघळ पुढं भोगावतीला मिळत असणार. मग मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, नदीला तांबडं पाणी आलं की चढणीचे मासे तिथनं वर येतात का, ते आधी बघा. लहानपणी आम्ही कंदील घेऊन जायचो. गुडघाभर पाणी, वरनं सपासप पाऊस, आणि पायाला मासा आपटून पुढं जातोय. उलटं, पाण्याच्या विरुद्ध. जिथं ओघळ दगडावरनं हातभर खाली पडते तिथं ते अंग वाकडं करून उडी घ्यायचे, पडायचे, परत घ्यायचे. ते अंडी घालायला वर उथळ पाण्यात, भातखाचरात निघालेले असतात. आम्ही बुट्टी लावून धरायचो. आता वाटतं, पोटात गाभोळी असलेलेच धरले आपण.

पाईप टाकला की आत अंधार, तळ गुळगुळीत, पाण्याला वेग, आणि तोंडाशी पाईप वर टांगलेला. मासा चढणार कसा? आमच्या ओघळीत रस्त्यासाठी दोन पाईप टाकले. वरच्या अंगाला तेव्हापासून चढण बंद. खाली डोहात चिलापी आणि कुणीतरी सोडलेला आफ्रिकन मांगूर. मांगूर पाळायला २००० पासून बंदी आहे, पण माशाला कोण सांगणार? जे तोंडात मावेल ते खातो.

तांबडा_पांढरा
@मरळ गाभोळी तव्यावर की कालवणात? अभ्यासासाठी विचारतोय.

मरळ
@तांबडा_पांढरा तव्यावर. तांदळाच्या पिठात घोळवून. पण धागा तो नाही, भावा.

संपादक
पाककृती वेगळ्या विभागात. हा धागा ओघळीचा आहे.

गुरांचा_दवाखाना
टिपरूंच्या हिशोबात एक आकडा घाला, उंदीर. उसात उंदीर किती नुकसान करतो ते तुम्हाला माहीत आहे. गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस हे तुमचे बिनपगारी गडी. त्यांना दिवसा दडायला ढोली, बीळ, कळकाचं बेट लागतं. ते काढलं की मग आपण गोळ्या टाकतो. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो. तोच घुबडाला सोपा सापडतो, आणि विष घुबडात जातं.

आमच्या धंद्यात हे एकदा झालंय. डायक्लोफेनॅक आम्ही जनावराला वेदनेसाठी टोचत होतो, ते मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. ती इंजेक्शनं टोचणाऱ्यांत मीही होतो. कुणी वाईट हेतूनं टोचत नव्हतं.

उसाचं_टिपरू
डॉक्टर, हे पटलं. उंदराचा आकडा मी धरला नव्हता.

सहीशिक्का
मी ग्रामपंचायतीशी संबंधित काम करतो, गाव सांगत नाही. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावाला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, पुढं राज्याला महिन्याला १० लाखाचा भुर्दंड. त्यानंतर काय झालं असेल? वह्या झाल्या! आमच्या वहीत शेजारच्या गावाची झाडं आहेत, त्यांच्या वहीत आमची. एका पानावर तर आमच्या हद्दीत समुद्री कासव. हसू नका, सही माझीच आहे.

तरी सांगतो, त्या वहीत तुमच्या ओघळीची नोंद खरी, नीट करून घ्या. गावात कधी ना कधी कागद विचारला जातोच.

घनसाळ
अवांतर. जैवविविधता म्हणजे फक्त रान नव्हे. आमच्या आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आज नाव घेतात, भाव मिळतो. काळा जिरगा मात्र मोजक्या घरांतच उरलाय. बी कणगीत आहे तोवर आहे. आईनं एक वर्ष नाही पेरलं तर संपलं.

तांबडा_पांढरा
घनसाळचा भात, पांढरा रस्सा. संपादक, गप्प बसतो.

चिवचिव_१९
आता बोलते. काका, मी आहे. तुमची पुतणी. पप्पांना अजून माहीत नाही मी इथं लिहिते ते. आईला मात्र सगळा धागा चुलीपुढं बसून वाचून दाखवला. तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते:

"दोघं भाऊ भांडालाय, मला कुणी इचारलं? ओघळीत रोज कोण उतरतं? जळण तिथनं, शेळीला पाला तिथनं. पावसाळ्यात कुर्डूची, टाकळ्याची, आळूची भाजी तिथनं. तुमच्या आईला बाळंतपणात काढा लागला तो पाला पण तिथलाच. भावजींना म्हणावं धनेश बघा, पण खाली बी बघा."

पप्पांचं म्हणणंही ऐका, कारण ते तुम्हाला ते फोनवर सांगणार नाहीत. झाडांच्या सावलीनं ओघळीकडच्या तीन सऱ्यांत ऊस बोटाएवढा येतो. दरवर्षी. घाणेरीतनं डुकरं शिरतात. तोडकरी त्या बाजूला सापाला भितात, जादा पैसे मागतात. आणि ऊसबिल आलं की त्यातला निम्मा हिस्सा तुम्हाला पुण्याला जातो, काका. तीन सऱ्यांचा तोटा मात्र पप्पांच्या निम्म्यातनं जातो असं त्यांना वाटतं. धनेशाचं लाईटबिल ते म्हणाले ना, ते धनेशाला नव्हतं म्हटलेलं.

मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी दसऱ्यापासून ओघळीत रोज सकाळी अर्धा तास बसते. आतापर्यंत पक्षी ४१, फुलपाखरं २३. राज्य फुलपाखरू निलवंत दोनदा, आपल्याच लिंबोणीच्या पानांवर त्याची अळी सापडली. उंबराच्या ढोलीत गव्हाणी घुबड आहे. झाडाखाली त्यानं टाकलेल्या गोळ्या फोडून बघितल्या. केस, बारीक हाडं, आणि एकेका गोळीत दोन-दोन, तीन-तीन उंदरांच्या कवट्या. त्या मी आगपेटीत ठेवल्यात. पप्पांना दाखवल्या. ते काही बोलले नाहीत, पण आगपेटी परत देताना दातांची बाजू नीट वर करून दिली.

भोगावतीकाठ
काय लिहू. "शेवटचं कधी उतरला होता" तेव्हाच कळायला हवं होतं, ही बोलण्याची पद्धत आमच्या घरातलीच.

हिश्शाचं डोक्यात कधी आलं नव्हतं, खरंच.

शाहूवाडीचा_गडी
पोरगी पास. बाकी सगळे रिपीट.

उसाचं_टिपरू
चला, हिशोब नव्यानं. ओघळीचं निव्वळ उत्पन्न बारा-तेरा हजार, तीन सऱ्यांचा तोटा धरा पाच-सहा. वर्षाला सतरा ते एकोणीस हजाराचा प्रश्न आहे. धागाकर्त्यांना झाडी हवी असेल तर तेवढे त्यांनी आपल्या हिश्शातनं दादाला सोडावेत. उंदीर-घुबडाचं वजा करत नाही, ते दादाला बोनस. ज्याला धनेश बघायचाय त्यानं बिल भरावं, बाकी काय?

रानवाट
टिपरूंना चक्क +१. आणि तीन सऱ्यांचं करंज-जांभळाच्या खालच्या फांद्या उतरवून बरंच भागेल. करंजाचा पाला वाया घालवू नका, हिरवळीचं खत म्हणून त्याच सऱ्यांत गाडा. उंबर छाटू नका.

मरळ
आणि पाईप?

भोगावतीकाठ (आठ दिवसांनी)
शनिवारी गावी जाऊन आलो. दादाशी बोललो, म्हणजे बराच वेळ दोघंही बोललो नाही, मग चहा झाला, मग बोललो. ठरलं ते असं. रस्त्याकडचे दीड गुंठे, जिथं नुसती घाणेरी आहे, ते दादा साफ करून वैरणीला घेणार. बाकी साडेचार राहणार. फांद्या उतरवायच्या. पैशाचं टिपरूंनी मांडलं तसं. दादा आधी "मला नको तुझं" म्हणाला, वहिनी म्हणाल्या "घ्या".

पाईप नाही. दादाला चढणीच्या माशांचं सांगायला लागलो तर त्यानंच मला सांगितलं की लहानपणी मी बुट्टी धरून झोपलो होतो आणि सगळे मासे सुटून गेले होते. मला आठवत नाही. त्याला पावसाचा दिवससुद्धा आठवतो.

धनेश दिसला नाही. घुबडाची ढोली पुतणीनं दाखवली, उतरून.

चिवचिव_१९
काका घसरले, ते लिहायचं राहिलं. आई म्हणते, मेमध्ये घाणेरी काढायची आहे, कोयता घरात आहे, हातमोजे येताना तुमचे तुम्ही आणा. आणि तांबडा_पांढरा यांना विचारलंय, पहिल्या पावसात येणार का? मासे धरायचे नाहीत, नुसते बघायचे.

तांबडा_पांढरा
नुसते?